पीक वाहिले आणि जमीन वाहिली : दोन नुकसानी, दोन पंचनामे



2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कयाधू, पूर्णा आणि आसना या नद्यांचे पाणी काठच्या मळ्यांत शिरले. त्यानंतर गट ऑफिसात आम्हाला रोज एकच प्रश्न ऐकू येत होता, "साहेब, पैसे किती मिळणार?" त्याचे उत्तर नुकसान कशाचे झाले यावर अवलंबून असते.

पिकाचे नुकसान वेगळे नि जमिनीचे वेगळे. त्या वर्षी बागायत पिकाला हेक्टरी 17,000 रुपयांचा दर होता. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असले तरच. शेतात 3 इंचांपेक्षा जास्त गाळ-वाळू बसली, तर ती काढायला हेक्टरी 18,000. आणि जमीनच खरडून गेली, तर हेक्टरी 47,000. म्हणजे 20 आर ऊस गेला तर 3,400 रुपये होतात. तेवढीच जमीन खरडली तर 9,400. पंचनाम्यात फक्त "ऊस" लिहिले गेले, तर जमिनीचा हिशेब होणारच नाही.

उसात हे हमखास घडते. बांधावरून पाहिले तर फड हिरवागार दिसतो. आत गेल्यावर मुळ्या उघड्या आणि खाली मुरूम. म्हणून तलाठी आणि कृषी सहाय्यक आले की त्यांना फडाच्या आत, ओढ्याच्या कडेपर्यंत न्या.

दुसरी गोष्ट. पाणी ओसरले की ट्रॅक्टर घालून सपाटी करायची घाई होते. घाई समजते, पण पंचनाम्याआधी गाळ काढला तर 3 इंच दाखवायचे कुठून? आधी चार ठिकाणी खड्डा घेऊन गाळाची जाडी मोजा, टेप ठेवून फोटो काढा, मग कामाला लागा.

तिसरी गोष्ट हेक्टरी 3 लाखांची. 7 ऑक्टोबर 2025 रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातले 47,000 रोख होते. 3 लाख मात्र रोजगार हमीतून जमीन दुरुस्त करण्यासाठी होते. ते बँकेत येतील म्हणून पुष्कळ जण वाट पाहत बसले. अशा कामाला ग्रामपंचायतीकडे मागणी करावी लागते.

शेवटी सगळे अडते ते सातबाऱ्यावर. खरडलेल्या जमिनीची मदत केंद्राच्या निकषांप्रमाणे अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे 2 हेक्टरपर्यंतच्यांना, आणि तीही महसुली नोंदीत ज्याचे नाव त्यालाच. वडील वारले, भाऊ वेगळे झाले, वहिवाट तुमची, पण उतारा वडिलांच्याच नावे, अशी घरे आपल्या गावांत थोडी नाहीत. पुरात वारस नोंद होत नसते. फेरफार, शेतकरी ओळख क्रमांक आणि आधारला जोडलेले बँक खाते ही तीन कामे उन्हाळ्यातच उरकून घ्या.

पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहते. वाहून गेलेली माती परत यायला पिढ्या लागतात. म्हणून तिचा पंचनामा आधी.

— शेतकी खाते