शंभरातल्या अडतीसजणी

फेब्रुवारी २०२५ पर्यंत देशात ७३ कोटींहून अधिक ‘आभा’ खाती उघडली गेली होती. १४ आकडी आरोग्य क्रमांक, जवळपास दर दोन भारतीयांमागे एक. ही खाती ज्यात उघडली जातात ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ रोजी. एवढ्या थोड्या काळात झालेलं हे काम मोठं आहे. पण या खात्यांना जोडलेल्या आरोग्य नोंदी होत्या ४९ कोटींच्या घरात. एकेका खात्यात एकच नोंद धरली, तरी २० कोटींहून जास्त खाती रिकामी राहतात.

ही झाली रुग्णालयांकडची बाजू. आता रुग्णांकडची पाहू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या महिलांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल आहे का? ५४ टक्के महिलांनी ‘हो’ सांगितलं. ग्रामीण भागात ४७ टक्क्यांनी. मोबाइल असलेल्यांपैकी मेसेज वाचता येणाऱ्या ७१ टक्के. गुणाकार केला की उत्तर येतं ३८. म्हणजे १०० जणींना रुग्णालयाने मेसेज पाठवला, तर स्वतःच्या फोनवर तो स्वतः वाचणाऱ्या ३८ जणी. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला महाराष्ट्रात ३८ टक्के होत्या, पुरुष ६१.५ टक्के. शेजारच्या गोव्यात महिलांचं हेच प्रमाण ७३.७ टक्के होतं.

त्यानंतर फोन वाढले, हे खरंच. पण या आकड्यांत एक मोठा गट वगळलेला आहे: पन्नाशीपुढच्या बायका. बीपी, शुगर, मोतीबिंदू यांसाठी रुग्णालयाच्या पायऱ्या वारंवार चढतात त्या याच.

एका रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीशी साठीच्या एक मावशी उभ्या होत्या. ‘ओटीपी सांगा,’ आतून आवाज आला. नंबर पोराचा. पोरगा चाकणच्या कंपनीत पाळीवर, फोन लॉकरमध्ये. मावशींनी हातातली पिशवी उघडून जुने कागद पुढे केले, घड्या पडून मऊ झालेले. मागची रांग चुळबुळू लागली तशा त्या स्वतःच बाजूला झाल्या. नोंदवहीत त्यांचा नंबर असेल, मेसेज ‘पोहोचला’ असंही दिसेल. पण तो पोहोचला चाकणला.

म्हणून रुग्णालयाची तयारी मोजताना किती मेसेज गेले हे पुरेसं नाही. किती जणांनी वाचले, आणि वाचून किती जण ठरल्या तारखेला आले, हे मोजायला हवं. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. केसपेपर काढतानाच दोन प्रश्न विचारावेत: हा नंबर कोणाचा? मेसेज कोण वाचतं? वाचणारं कोणी नसेल तिथे मराठीत फोन करावा. मेसेजमध्ये नुसती लिंक न देता तारीख, वेळ आणि खोली क्रमांक मराठीत लिहावा.

आणि कागद बंद करू नये. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याच्या उपचारांची कागदपत्रं द्यावीत, असं वैद्यक परिषदेची २००२ ची नियमावली सांगते. मावशींच्या पिशवीतले ते मऊ कागद हीच त्यांची आरोग्य नोंद आहे. नवी नोंद त्यांच्या हाती खरोखर पडेपर्यंत खिडकीतल्या माणसाने ते हातात घेऊन वाचले पाहिजेत.