मोबाईलवर दोन तास बसतो, मग अभ्यासालाच काय होतं?

मागच्या भागानंतर एका आईचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा चौथीत आहे. डायरीत रोज शेरा, 'वर्गात लक्ष नसते', 'वही अपूर्ण'. डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलंय, पण सासूबाईंना ते पटत नाही. 'मोबाईल दिला की दोन तास हलत नाही तो. अभ्यासालाच बरा आजार होतो!' आणि शेवटी ती हळूच म्हणाली, 'ताई, खरं सांगू? मलाही कधीकधी तसंच वाटतं.'

आजचा भाग त्या शेवटच्या वाक्यासाठी.

घोळ नावापासूनच आहे. 'अटेन्शन डेफिसिट' म्हटलं की वाटतं, या मुलाकडे लक्षच कमी आहे. तसं नसतं. लक्ष भरपूर असतं; ते हवं तिथे वळवणं आणि टिकवणं जमत नाही. मोबाईलवरचा गेम दर दोन सेकंदांनी काहीतरी हातात ठेवतो. आवाज, गुण, पुढची पातळी. भागाकाराची वही काय देते? उद्या बाई तपासतील, मार्चमध्ये परीक्षा होईल, मोठेपणी उपयोग होईल. या मुलांच्या मेंदूला 'उद्या'चं बक्षीस आज ओढून घेत नाही. म्हणून मोबाईलवर बसणं हा आजार नसल्याचा पुरावा नाही. उलट अडचण नेमकी कुठे आहे, हेच त्यातून दिसतं.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. २००७ साली ते काम प्रसिद्ध झालं. मेंदूचं बाहेरचं आवरण वाढत्या वयात जाड होत जातं आणि मग पुन्हा पातळ होतं. ती सर्वाधिक जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास आली होती, एडीएचडीच्या मुलांमध्ये साडेदहाच्या. सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात, म्हणजे थांबणं, आखणी करणं, मोह आवरणं जिथून चालतं तिथे. बुद्धी तीन वर्षं मागे, असा याचा अर्थ अजिबात नाही. पण दहा वर्षांच्या मुलाकडून 'स्वतःहून बस की आता' ही अपेक्षा करताना हा आकडा आठवावा.

आणि हो, हे तुमच्या लाडामुळे झालेलं नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मुलाची तपासणी चालू असताना 'मीही असाच होतो' असं म्हणणारे बाबा काही कमी नाहीत.

निदानासाठी रक्ताची चाचणी नाही, स्कॅनही लागत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, निदान सहा महिने टिकून आहेत का, आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसतात का, हे पाहतात. म्हणून तर डॉक्टर बाईंकडूनही प्रश्नावली भरून मागतात. फक्त एकाच शिक्षकांच्या तासाला त्रास होत असेल तर कारण दुसरीकडे शोधावं. दृष्टी, ऐकू येणं, झोप हेही तपासून घ्यावं. शांत बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुली यात हमखास सुटतात, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत.

आता घरी काय करायचं? मदत तिथेच आणि तेव्हाच हवी, जिथे काम अडतं. 'दप्तर भर' हे आपल्याला एक काम वाटतं. त्याच्यासाठी ती पाच कामं आहेत. ती पाच कामं चित्रांसकट दप्तराच्या खुंटीशेजारी लावा. 'अर्ध्या तासात संपव' म्हणण्यापेक्षा समोर काट्याचं घड्याळ ठेवा. दहा मिनिटं काम, मग एक फेरी. तीन गणितं झाली की तिथल्या तिथे म्हणा, 'तीन झाली!' मी स्वतः लेकाला 'वार्षिक परीक्षेत चांगले मार्क आण, सायकल घेऊ' असं सांगून बसले होते. जूनमध्ये! त्याच्या दृष्टीने ती सायकल चंद्रावर होती.

शाळेकडे मोठं काही मागायची गरज नाही. पुढचा बाक, फळ्यावर लिहिलेली सूचना, आणि शिक्षा म्हणून मधली सुट्टी किंवा खेळाचा तास काढून न घेणं. ज्याला हलायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच बसवून ठेवायचं, हे मला कधी कळलेलं नाही.

कागदपत्रांचं मात्र नीट ऐका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत. अध्ययन अक्षमता त्यात आहे. एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. पण यातल्या बऱ्याच मुलांना वाचन, लेखन किंवा गणिताची अध्ययन अक्षमताही असते, आणि त्या प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. म्हणून ती तपासणी लवकर करून घ्या. दहावीच्या वर्षी धावपळ नको.

औषधाबद्दल थोडक्यात. मिथाइलफेनिडेट ही झोपेची गोळी नव्हे, मेंदूला उत्तेजना देणारं औषध आहे, आणि चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही. भूक कमी होऊ शकते, म्हणून डॉक्टर वजन-उंची नोंदवत राहतात. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण. शेजारणीच्या सल्ल्याने सुरू करू नका, आणि तिच्या सल्ल्याने बंदही करू नका.

त्या आईला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की सासूबाईंना समजावत बसू नका, त्यांना त्याच्या टेबलाशी बसवा. काही बोलायचं नाही, नुसतं शेजारी असायचं. बऱ्याच मुलांना त्या सोबतीनेच काम धरून ठेवता येतं.

परवा तिचा मेसेज आला. आजी मेथी निवडत बसल्या होत्या. सात गणितं झाली. आठव्याला तो उठून मांजरामागे गेला, आणि आजी म्हणाल्या, 'जाऊ दे, येईल. मी बसलेय.'