लहर अडखळते कुठे?

ध्वनिमुद्रणाच्या ॲपमध्ये बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर नाचणारी लहर पुष्कळदा डेव्हलपरनेच कॅनव्हासवर रेघ-रेघ काढलेली असते. ती अडखळू लागली की पहिला ठपका फोनवर येतो. स्वस्तातला फोन, त्याला झेपत नाही!

हा ठपका तपासून पाहायला हवा. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्‌झच्या पडद्यावर फक्त ८.३. म्हणजे साध्या पडद्यावर वेळेत बसणारा कोड भारी पडद्यावर फ्रेम चुकवू शकतो.

दुसरी समजूत अशी की, चित्र काढायचं काम जीपीयूचं, तेव्हा कोड कसाही लिहिला तरी चालतो. अँड्रॉइडच्या ३.० आवृत्तीत, २०११ साली, कॅनव्हासचं रेखाटन जीपीयूकडे सोपवण्याची सोय आली हे खरं. पण ‘ऑनड्रॉ’ या रेखाटनाच्या फंक्शनमधला कोड आजही मुख्य थ्रेडवर सीपीयूच चालवतो. तिथे फक्त आज्ञांची नोंद होते, २०१४च्या ५.० आवृत्तीपासून त्या पुढे पोहोचवण्याचं काम रेंडर थ्रेड करतो. नोंद करतानाच उशीर झाला, तर जीपीयू कितीही वेगवान असला तरी ती फ्रेम गेलीच.

लहरीच्या बाबतीत हा उशीर नेमका कुठे होतो? समजा, लहरीत २०० उभ्या रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेसाठी ‘ऑनड्रॉ’मध्येच नवा ‘पेंट’ तयार केला आहे. ६० फ्रेमच्या हिशेबाने सेकंदाला १२ हजार वस्तू जन्माला येतात आणि लगेच टाकाऊ होतात. तो कचरा उचलायला गार्बेज कलेक्टर मध्येच येतो आणि वेळ खातो. अँड्रॉइड स्टुडिओचं ‘लिंट’ अशा कोडवर स्वतःहून इशारा देतं. तो दुर्लक्षित राहतो हे वाईट. ‘पेंट’ एकदाच करून ठेवावा. दर फ्रेमला नवा ‘पाथ’ रचणंही जीपीयूला महागात पडू शकतं. उभ्या रेघांना त्याची गरजच नाही: आधीच तयार ठेवलेल्या ॲरेमध्ये टोकांचे आकडे भरून ‘ड्रॉलाइन्स’ला एका हाकेत सगळ्या रेघा देता येतात. लहरीचा आकार चौकटीतच बदलतो, म्हणून ‘इनव्हॅलिडेट’ पुरतं. ‘रिक्वेस्टलेआउट’ करून मांडणी नव्याने मोजायला लावू नये.

‘हार्डवेअर लेअर लावा, सगळं पळेल’ हा सल्लाही सर्रास ऐकू येतो. लेअर म्हणजे काढून ठेवलेलं चित्र. ते नुसतं सरकवायचं, फिरवायचं किंवा विरवायचं असेल, तर फायदा मोठा. लहर मात्र दर फ्रेमला बदलते. मग आधी लेअरवर चित्र काढा, नंतर लेअर पडद्यावर लावा, असं काम वाढतं. त्यापेक्षा मागची जाळी आणि वेळेची पट्टी वेगळ्या ‘व्ह्यू’मध्ये ठेवावी, त्यांची जुनी नोंद तशीच वापरली जाते. फ्लटरमध्ये अशी विभागणी ‘रिपेंटबाउंडरी’ करते.

‘सरफेसव्ह्यू’चंही तसंच. वेगळ्या थ्रेडवर रेखाटता येतं, एवढ्यावरून तो नेहमीच वेगवान ठरत नाही. त्याच्या नेहमीच्या ‘लॉककॅनव्हास’ने मिळणाऱ्या कॅनव्हासवर सगळं सीपीयूच रंगवतो. जीपीयूचा कॅनव्हास हवा असेल तर ‘लॉकहार्डवेअरकॅनव्हास’ मागावा लागतो.

पुढची फ्रेम काढण्यासाठी दर १६ मिलिसेकंदांनी टायमर वाजवणं हा जुना उपाय आहे आणि तो सोडायलाच हवा. टायमरचा पडद्याच्या ठोक्याशी मेळ बसत नाही; त्यासाठी २०१२च्या ४.१ आवृत्तीपासून ‘कोरिओग्राफर’ आहे. लहर किती सरकवायची हेही गेलेल्या वेळेवरून ठरवावं. दर फ्रेमला ठरावीक अंतर सरकवलं, तर १२० हर्ट्‌झवर गती दुप्पट होते.

सरासरी फ्रेमसंख्या चांगली म्हणजे ॲनिमेशन सुरळीत, ही समजूत सर्वांत फसवी. एका सेकंदात एकच फ्रेम १०० मिलिसेकंद रेंगाळली आणि बाकीच्या वेळेवर आल्या, तरी सरासरी ५५च्या आसपास दिसते. डोळ्याला मात्र हिसका जाणवतोच. म्हणून एकेका फ्रेमचा वेळ पाहावा, तोही डीबग नव्हे तर रिलीजसारख्या बिल्डवर आणि वापरणाऱ्यांच्या हाती असतो तशा साध्या फोनवर. ‘परफेटो’ या मोजणीच्या साधनाच्या नोंदीत मुख्य थ्रेडची पट्टी लांबली असेल तर आधी ‘ऑनड्रॉ’ उघडावं; रेंडर थ्रेडची लांबली असेल तर ‘पाथ’, मोठे बिटमॅप आणि एकावर एक चढलेले रंगांचे थर तपासावेत.