कॅम्परव्हॅनने गोंदियात येताय? रात्री गाडी कुठे लावाल?

कॅम्परव्हॅनमध्ये अंथरूण असते, चूल असते. प्रश्न असतो तो जागेचा. युरोपात अशा गाड्यांसाठी वीज-पाण्याची सोय असलेले तळ ठिकठिकाणी आहेत. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. गोंदियात यायचे तर मुक्कामाची जागा आधीच ठरवलेली बरी.

जंगलात थांबता येते का?
परवानगीशिवाय नाही. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. सफारीचे तिकीट म्हणजे रात्रीच्या मुक्कामाचा परवाना नव्हे.

महामार्गाच्या कडेला?
टाळा. साकोली ते देवरीदरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ जंगलातून जातो. अंधारात उभ्या गाडीला मागून ट्रकची धडक बसण्याचा आणि वन्यप्राणी समोर येण्याचा धोका असतो.

मग कुठे?
गावातील लॉज, ढाबा किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात, मालकाला विचारून. नवेगावबांधला जाणाऱ्यांनी कोहमाऱ्याला वळण्याआधीच फोन करून जागा नक्की करावी.

हे लक्षात ठेवा
• सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचा.
• पायवाट अडवू नका. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने वेचणारे पहाटेच निघतात.
• बंद गाडीत शेगडी पेटवून किंवा इंजिन सुरू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जाऊ शकतो.
• कचरा सोबत न्या.