धुक्यातली वाट

नाताळच्या सुट्टीत नवी मुंबईतली कुटुंबे पहाटेच कळंबोलीहून पुण्याच्या द्रुतगती मार्गाला लागतात. खोपोलीच्या आसपास कधी कधी दाट धुके असते, आणि सहलीची घाई तिथेच नडते.

धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढगच. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले म्हणजे रात्री जमीन झपाट्याने निवते. लगतची हवाही गार होते, आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब बनतात. गार हवा जड, म्हणून ती खोऱ्यात साचते. गुरुजींनी गार पाण्याच्या तांब्यावर जमणारे थेंब मुलांना दाखवावेत, प्रकार तोच.

आता हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एक सेकंद जातो. पुढचे ३० मीटरच दिसत असतील, तर उरलेल्या १३ मीटरांत गाडी थांबायची नाही. वेग निम्मा केला, तर मात्र थांबते.

दिव्यांचा झोत खाली ठेवावा. वर ठेवला तर थेंबांवरून उजेड उलटा डोळ्यांवर येतो. गाडी रस्त्यातच उभी करू नये, मागच्याला ती दिसत नाही. वाटेतल्या एखाद्या थांब्यावर चहा घ्यावा. ऊन चढले की धुके बहुधा विरते. तासभर उशिराने सहल काही बुडत नाही.