जुन्या मोटारीतील गारवा

विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झेपावू लागला, की दहा-पंधरा वर्षे जुन्या मोटारीच्या मालकाला हमखास एकच सल्ला मिळतो : ‘एसीचा गॅस संपला, भरून घ्या.’ वस्तुतः हा गॅस पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही. बंदिस्त नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे खात्यातून रक्कम कुठे जाते हे न पाहता भरणा करीत राहणे होय. शिवाय कॉम्प्रेसरचे वंगणतेल गॅसबरोबरच फिरते. गॅस घटला, की ते कॉम्प्रेसरपर्यंत पुरेसे परतत नाही आणि हा महागडा भागच निकामी होण्याची वेळ येते.

अनेकदा दोष गॅसचा नसतोच. रेडिएटरच्या पुढे बसवलेला कंडेन्सर आतील उष्णता बाहेर टाकतो. त्याच्या पातळ पत्र्यांत वर्षानुवर्षांची धूळ, किडे व कचरा अडकला, की हे काम मंदावते. मोटार वेगात असताना गारवा मिळतो व सिग्नलला थांबताच नाहीसा होतो, असे आढळल्यास प्रथम कंडेन्सर व त्याचा पंखा तपासावा. इंजिन थंड असताना कंडेन्सर पाण्याच्या मंद धारेने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात. याउलट हवा थंड, पण झोत क्षीण असेल, तर केबिन फिल्टर पाहावा. काही जुन्या मोटारींत तो मुळातच नसतो.

1990च्या दशकारंभीच्या मोटारींचा प्रश्न निराळा. त्यांत आर-12 हा गॅस असे. ओझोन थरास घातक म्हणून 1987च्या माँट्रियल करारानंतर तो वापरातून गेला. त्याऐवजी आर-134ए भरायचा, तर तेल, सील व ड्रायरही बदलावे लागतात. स्वस्त पडतो म्हणून ज्वालाग्राही वायू भरून घेणे मात्र सर्वथा वर्ज्य.

उन्हात उभी असलेली मोटार भट्टीसारखी तापते. वृद्धांना व मुलांना तीत लगेच बसवू नये. आधी काचा उघडून एक-दोन मिनिटे मोटार चालवावी, कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी. नंतर काचा लावून आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. बाहेरची तापलेली हवा पुनःपुन्हा थंड करण्याचा भार जुन्या यंत्रावर पडत नाही.