पाण्याचा हिशेब

तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्यकर्म आणि पाणी विकणे हे पाप, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की, पाण्याच्या किमतीचा विषय निघताच भली भली माणसे कानांवर हात ठेवतात. पिण्याच्या पाण्यापुरती ही समजूत योग्यच आहे; ती कोणी सोडू नये. परंतु ज्या पाण्यावर साखर पिकते आणि बंगल्यांपुढील हिरवळ पोसली जाते, ते पाणी पाणपोईचे नव्हे. ते फुकट मिळाले तरी त्याची किंमत कोणीतरी देतोच. वापरणारा एक आणि देणारा दुसरा, एवढाच फरक. एखाद्या व्यवहाराचा खर्च त्याबाहेरच्या माणसावर पडत असेल, तर तो व्यवहार करणाऱ्याच्याच खात्यावर चढवला पाहिजे, हा विचार केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० सालीच मांडला. पर्यावरणाचे अर्थशास्त्र म्हणून आज जे शिकवले जाते, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. महाराष्ट्राच्या जलधोरणाला तो अद्याप शिवलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उसाचेच पाहा. राज्यातील पिकांखालील क्षेत्रापैकी जेमतेम चार टक्के क्षेत्र उसाखाली. पण सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी तो पितो, असा अंदाज खुद्द केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने दिला होता. किलोभर साखरेमागे आपल्याकडे ढोबळ मानाने दोन हजार लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. आम्ही एके काळी मुलांना हौदाची आणि नळाची गणिते घालत असू. त्याच रीतीने हे गणित सोडवले, तर गाडीभर पाण्याचे उत्तर येते अडीच क्विंटल साखर! आणि त्याच हंगामात मराठवाड्यातील साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती.

यात शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. उसाला ठरलेला दर आहे आणि दाराशी येऊन तोडून नेणारा कारखाना आहे. तुरीला आणि ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने घेणारा बाजारात भेटेलच याची शाश्वती नाही. शहाणा माणूस ऊसच लावील. पाटाच्या पाण्याची पट्टी बहुतेक ठिकाणी पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जाते, किती पाणी घेतले ते पाहून नव्हे. तेव्हा एक पाळी जास्त घेतली म्हणून खिशाला तोशीस पडत नाही. विहिरीचे म्हणाल, तर २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. ज्याला सहाशे फूट विंधनविहीर घेण्याची ऐपत आहे, तो घेतो. शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा आड आटतो. ही पट्टी त्या शेजाऱ्याने भरलेली असते. तिची पावती मात्र कोणी देत नाही.

आता या जुन्या दुखण्यात हवामानाच्या नावाने नवी भर पडली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. खनिज तेलाची आयात आणि कर्बवायू कमी व्हावा, हा हेतू स्तुत्यच होय. पण उसापासून एक लिटर इथेनॉल काढण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद आहे. आणि तरीही सरकारने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला मळीपासूनच्या इथेनॉलपेक्षा चढा दर ठरवून दिला. हवेचा हिशेब मांडताना पाण्याचे पान कोरे ठेवायचे, याला काटकसर म्हणत नाहीत.

असा हिशेब मांडण्याची विद्या आपल्याला परकी आहे असेही नाही. धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून १९४८ सालीच ती गोखले संस्थेतर्फे प्रसिद्ध केली. लाभाची बाजू तेव्हा मांडली गेली. चोपण झालेल्या जमिनी आणि शेपटाकडे न पोहोचणारे पाणी ही खर्चाची बाजू तितक्याच काटेकोरपणे मांडणे पुढच्यांचे काम होते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर माणशी, भूमिहीनालाही वाटा, योजनेच्या खर्चात लाभार्थ्यांची वर्गणी, आणि ऊस वर्ज्य. गावकऱ्यांनी हे नियम मान्य केले. ज्या गोष्टीचे मोल आधी द्यावे लागते आणि जिच्यात सर्वांचा वाटा असतो, ती जपून वापरली जाते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

शेतकऱ्यावर एकदम दर लादावा असे आम्ही म्हणत नाही. पंजाबने २०१८ पासून निराळी वाट चोखाळून पाहिली: पंपाची वीज ठरावीक मापाहून कमी वापरली, तर वाचलेल्या युनिटमागे शेतकऱ्यालाच पैसे. आपल्या मोफत विजेच्या योजनेला ही जोड देण्यास कोणाची हरकत असू नये. तीच गोष्ट इथेनॉलच्या दराची.

शहरवासीयांनी मात्र या चर्चेत फार सोवळे राहू नये. पुण्यासारखे शहर मंजुरीपेक्षा अधिक पाणी वर्षानुवर्षे धरणांतून उचलते आणि दौंड-इंदापूरचा शेतकरी आवर्तनाची वाट पाहतो. अनेक शहरांत पाणीपट्टी वापरावर नव्हे, घराच्या मूल्यावर बेतलेली आहे. मीटरचे नाव काढताच विरोध होतो. तो करणाऱ्यांत आमचे वाचकही असतात, हे आम्ही जाणून आहोत. टँकरवाल्याकडून पिंपाने पाणी घेणारी वस्ती मात्र नळवाल्या घरापेक्षा लिटरमागे अधिक पैसे मोजते.

जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा या राज्यानेच केला. अधिसूचित क्षेत्रात ठिबक वा तुषार सिंचनाखेरीज बारमाही पिकांना कालव्याचे पाणी देऊ नये, असे त्यात कलम आहे. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णयही घेतला. आज बहुतांश ऊस मोकाट पाण्यावरच उभा आहे. ते कलम कोणत्या कालव्यावर आणि कोणत्या तारखेपासून लागू होणार, एवढे तरी जलसंपदामंत्र्यांनी पुढील हंगामाच्या लागणीपूर्वी जाहीर करावे.